लांडगा तिच्या वाट्याला आला

अप्पा, काल धाकटीने वाशीला एका हॉलमध्ये भाषण केलं आणि मी तिसऱ्या रांगेत बसून जळत होते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आता तुमच्यापासून काय लपवायचं, म्हणून सरळ लिहितेय. ल्युपस हा आजार झालेल्यांचा मेळावा होता. बायकाच जास्त, काहींच्या गालांवर धाकटीसारखेच लाल चट्टे. धाकटी उभी राहिली आणि म्हणाली, "या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या. अर्थ माझ्या वडिलांनी दिला."  माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले. मी वरच्या पंख्याकडे बघत राहिले, कारण माझ्या डोळ्यांत तसं काही आलं नव्हतं.

शब्द आधी माझे होते, अप्पा. तुम्ही तुर्भ्याच्या केमिकल कंपनीतल्या लॅबमधून पहिली पाळी संपवून यायचात, कपड्यांना तो आंबूस वास असायचा, आणि कोपरखैरण्याच्या आपल्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात स्वतःचा चहा स्वतः टाकायचात. मी ओट्यावर चढून बसायची. इतरांचे वडील येताना खाऊ आणायचे. मी विचारायची, "आज कुठला?" आणि तुम्ही गाळणं हातात धरून सांगायचात. चावी हा शब्द पोर्तुगीजांचा, साबण पण त्यांचाच, बटाटाही त्यांनीच आणला. "म्हंजे बघ की, आपल्या घराला कुलूप घातलं तरी शब्द आत येतातच," असं म्हणून तुम्ही स्वतःच हसायचात. साताऱ्याकडच्या एका खेड्यात मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, बाटल्यांवर लेबलं लावणारा, पण प्रत्येक लेबलावरचं नाव कुठून आलं हे तुम्हाला कळायला हवं असायचं. धाकटी तेव्हा खाली खेळत असायची. तिला त्यात काडीचा रस नव्हता. तो चहाचा अर्धा तास फक्त आपल्या दोघांचा होता.

मग तिच्या नाकावर आणि दोन्ही गालांवर तो लाल पट्टा उमटला. डॉक्टर आधी ऊन लागलं म्हणाले, मग ॲलर्जी, मग तिची बोटं सुजायला लागली आणि सकाळी तिला वेणीसुद्धा घालता येईना. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तीन खेपा झाल्यावर ते नाव मिळालं. आई सांगायची की तुम्ही डॉक्टरांना विचारलंत, "ल्युपस म्हणजे काय हो, शब्दाचा अर्थ काय?" आणि ते म्हणाले, "अर्थ घेऊन काय करणार? गोळ्या वेळेवर द्या आणि उन्हात सोडू नका." तुम्ही दुसऱ्या दिवशी रजा टाकून वाशीच्या वाचनालयात जाऊन बसलात. संध्याकाळी घरी आलात ते हातात कागद घेऊन. मी ओट्यावर होतेच. चहाचं आधण ठेवलं होतं. तुम्ही माझ्यासमोरून आतल्या खोलीत गेलात.

मी दाराशी उभी राहून सगळं ऐकलं. अजून ऐकू येतं. तुम्ही तिच्या उशाशी बसलाय, खिडकीला जाड चादर लावलीय, आणि तुम्ही म्हणताय, "ल्युपस म्हंजे लांडगा. लॅटिन शब्द हाय." ती विचारते, "मला लांडगा चावला?" तुम्ही म्हणता, "जुन्या काळी युरोपातल्या वैद्यांना तसं वाटलं. चेहऱ्यावरचे व्रण बघून कुणी म्हणालं लांडग्यानं चावा घेतलाय, कुणी म्हणालं हा आजारच लांडग्यावानी मांस खात जातो. नक्की कुणालाच ठावं नाही. कितीतरी आजारांना ते हेच नाव द्यायचे." मग तुमचा आवाज बदलतो, चहाच्या वेळी व्हायचा तसा. "पण खरी गंमत ऐक. आपल्याकडं संस्कृतात लांडग्याला वृक म्हणतात. वृक आणि ल्युपस एकाच जुन्या शब्दाची लेकरं. म्हंजे तुझा लांडगा परका नाही, आपल्याच भावकीतला हाय." आणि धाकटी हसली. महिनाभरात पहिल्यांदा हसली. आई देवापुढे हात जोडून उभी होती. मला मात्र एवढंच कळलं की इतका चांगला शब्द तुम्ही मला कधीच आणून दिला नव्हता.

त्यानंतर तिचा लांडगा काही संपेना. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिला सारखी भूक लागायला लागली, चेहरा वाटोळा झाला, ती रडायला लागली की तुम्ही म्हणायचात, "अगं, भीमाचं नाव वृकोदर. लांडग्याचं पोट असलेला. तू आमची वृकोदरी." वृश्चिकाच्या शेजारी वृक नावाचा तारकासमूह आहे, ते तिला सांगितलंत. रोज संध्याकाळी विचारायचात, "आज लांडगा कुठं बसलाय?" आणि ती गुडघा दाखवायची, नाहीतर मनगट. चहा आता मी करत होते आणि आत नेऊन देत होते.

एक दिवस मी खालच्या मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणीला सांगितलं, "तिला लांडग्याचा रोग झालाय. जवळ गेलं की चावतो." चौदा वर्षांची होते मी, मला चांगलं कळत होतं मी काय करतेय. दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरलं. तिच्याकडे पत्ते खेळायला येणाऱ्या मुली यायच्या बंद झाल्या. एका काकूंनी आपल्या दारातून आईला विचारलं, "लागण होते का हो याची?" तुम्ही मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, "यासाठी दिले होते मी तुला शब्द?" आणि चपला घालून एकेका घरी समजावून सांगायला गेलात. धाकटी म्हणाली, "मी पण येते, मला बघू दे कोण घाबरतंय." जिन्यातून तुम्हा दोघांचे आवाज वर येत होते. मी घरात बसले होते आणि मला पश्चात्ताप व्हायला हवा होता. झाला नाही असं नाही. पण जास्त दुःख याचं झालं, की तुम्ही तिचा हात धरून गेला होतात.

पुढे मी वाशीला कॉलेजात जायला लागले, तेव्हा रविवारी तुम्ही मला उरणला न्यायला लागलात. तुमच्या लॅबमधले एक जण तिथले, त्यांच्याकडे ताजी मासळी मिळायची. धाकटीला उन्हामुळे येता यायचं नाही. मला वाटलं, आता आपले दिवस परत आले. बसमध्ये खिडकीशी बसून मी वाट बघायची तुम्ही काहीतरी सांगाल म्हणून. तुम्ही बराच वेळ बाहेर बघत राहायचात आणि मग म्हणायचात, "तुमच्या कॉलेजात मोठ्या डिक्शनऱ्या असतील. बघ की, तिच्या लांडग्याचं आणखी काय सापडतंय का." तिथे पोचलो की त्या घरच्या बाईचा पहिला प्रश्न, "बारकी कशी हाय? तिला नाय आनलं?" आणि जिताडा कापता कापता एक जादा तुकडा बारकीच्या नावाने.

तरी मी शोधलं, अप्पा. कॉलेजच्या लायब्ररीत दुपारभर उभी राहून शोधलं. रोमन लोक एका अधाशी समुद्री माशालाही ल्युपसच म्हणायचे, आणि पुस्तकातलं चित्र बघितलं तर थेट आपल्या जिताड्याच्या वळणाचं. पुढच्या रविवारी बसमध्ये तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. त्या संध्याकाळी ताटात जिताडा वाढताना तुम्ही तिला म्हणालात, "आज तू लांडग्याला खातीयस, बरं का." मी समोर बसले होते. हे कुणी शोधलं ते तुम्ही सांगितलं नाहीत. विसरला असाल. तुम्ही मुद्दाम तसं करणारे नव्हतात, एवढं मला माहीत आहे.

काल तिने ती माशाची गोष्ट शेवटी सांगितली. "माझे वडील म्हणाले, आज तू लांडग्याला खातीयस." लोक उठून टाळ्या वाजवत होते. मीही उठले. घरी येताना रिक्षात ती मधल्या बाजूला सरकून बसली, ऊन अजून उतरलं नव्हतं. तिने माझा हात धरला, तिची बोटं आता जरा वाकडी झालीत, आणि म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला तो लांडगाबिंडगा काही नको होता गं. अप्पा इतके उत्साहाने सांगायचे म्हणून मी हसायची. मला तुमच्याबरोबर उरणला यायचं असायचं. दर रविवारी तुम्ही दोघं गेलात की मी चादर बाजूला करून बघायची." मग तिने विचारलं, "काय बोलायचात तुम्ही बसमध्ये एवढा वेळ?"

तिला खरं सांगण्यासारखी याहून चांगली वेळ आली नसती. सगळा रस्ता तुझ्याबद्दलच बोलणं असायचं, एवढं एक वाक्य. तिला आयुष्यभर पुरलं असतं. ती बघत होती माझ्याकडे, त्रेचाळीस वर्षांची बाई, पण तोंड अकरा वर्षांच्या मुलीचं. मी म्हटलं, "अगं, खूप काय काय. जाताना एक गोष्ट, येताना एक गोष्ट. इतके हसायचो की कंडक्टर वळून बघायचा." ती "हो ना?" म्हणाली आणि दुसऱ्या बाजूला बघायला लागली. 

हे पत्र ठेवण्यासारखं नाही. परवा ती जेवायला येणार आहे आणि टेबलावरचं सगळं वाचायची तिला सवय आहे, त्याआधी फाडून टाकीन. तिला मी काही सांगणार नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, अप्पा, की तिने तोंड फिरवलं तेव्हा मला बरं वाटलं.