दुर्गाघाटाची पाळी

१ डिसेंबर, मंगळवार
अनुदान मंजूर. एका परदेशी दूतावासाचं. शेजारच्या देशांतले पोलीस अधिकारी काशीत येणार, जुन्या मूर्तींची तस्करी कशी पकडायची ते शिकायला. शिकवणारे वेगळे, राहणं, जेवण, गाड्या, नावा माझ्याकडे. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून घरात नुसता लुडबुडत होतो. सुधा म्हणाली, "चला, माझ्या स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन संपलं!" दिल्लीहून तारा मॅडम लक्ष ठेवणार. वय आमच्या मुलीएवढं, बोलणं गोड, नियम कडक. प्रत्येक गोष्टीला तीन कोटेशन, सर्वांत कमी त्याला काम. म्हटलं, मॅडम, टेंडरांतच माझे केस पिकले.

३ डिसेंबर
हॉटेल झालं, बस झाली. श्रीलंकेच्या साहेबांना मासे हवेत, केटरर शुद्ध शाकाहारी. बघू.
नाव राहिली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना दुर्गाघाटावरून नावेत बसवायचं, नदीवरून माल कसा हलतो ते दाखवायचं. त्या दिवशी घाटावर बचाऊ नावाड्याची पाळी आहे. इथं प्रत्येक घाटाचे नावाडी आपापसांत पाळी लावतात. दुसऱ्या घाटाची नाव इथं माणसं उतरवेल, पण इथून माणसं भरणार नाही. बचाऊला दर विचारला तर म्हणाला, "जौन मन करे, लिख ला." मीच लिहिला. उरलेली दोन कोटेशनं कागदापुरती. एक संकठा घाटाचं, एक मुन्शी घाटाच्या मोटरबोटवाल्याचं. रेल्वेत असंच चालायचं.

५ डिसेंबर, शनि.
मोटरबोटवाल्यानं बचाऊपेक्षा कमी दर दिला. मॅडमनी त्यालाच मंजुरी दिली. त्यांचं काय चुकलं? मीच दिलं होतं ना ते कोटेशन!
सुधा : "अहो, पण पाळी बचाऊची आहे ना?"


८ डिसेंबर
बातमी घाटावर पोचली. सकाळी आंघोळीला गेलो, तर बचाऊ नाव धूत राहिला. रोजचा 'महादेव' नाही. मीच जवळ गेलो. मान वर न करता म्हणाला, "हमरे बारी में मुन्शी घाट क नाव लगइबा, भइया?"
एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मी म्हटलं.
"एक दिन लगी, त रोज लगी."
आईच्या अस्थी याच्याच नावेतून नेल्या होत्या. पैसे पुढे केले तर रागावला होता. दिवसभर लाज वाटली.

१० डिसेंबर
मॅडमना फोन. त्या म्हणाल्या, कमी दर सोडायचा तर लेखी कारण द्या. सुधानं सुचवलं, लिहा की धुक्यात मोटरबोट धोक्याची. एका ओळीत काम झालं असतं. पण त्या बिचाऱ्याची बोट चांगली आहे, कागदपत्रंही पक्की. उगीच त्याच्या पोटावर पाय कशाला? खरं तेच लिहिलं, घाटाची पाळी. उलट विचारणा : या पाळीला कोणत्या कार्यालयाची मान्यता आहे?

१२ डिसें.
बचाऊला विचारलं, काही कागद आहे का?
"कागज त नाहीं हौ. बाप क बारी रहल, अब हमार हौ."
घरी येऊन सांगितलं. सुधा म्हणाली, "देवळातली तुमच्या भावकीची पूजेची पाळी तरी कुठल्या कागदावर आहे? उद्या कोणी कमी दक्षिणेत पूजा करतो म्हणाला तर?" हेही मॅडमना कळवलं. वाचून हसल्या असाव्यात. मंजुरी बदलली नाही.

१६ डिसेंबर, बुध.
झालं एकदाचं. दाट धुकं. साहेब मंडळी स्वेटर, कानटोप्या घालून पायऱ्यांवर उभी. मोटरबोट आली आणि काठापासून थोडी लांबच थांबली. घाटावरचे सगळे नावाडी बचाऊकडे बघत होते. दिल्लीहून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "सर, तो जवळ का येत नाही?" तेवढ्यात बोटवाल्यानं हाक दिली, "बचाऊ भइया, लगाईं?"
त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.
बचाऊनं पाहुण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. तो म्हणाला, "आज लगा ला." स्वतः दोर धरला, भूतानच्या बाईंना हात देऊन चढवलं. प्रात्यक्षिक उत्तम झालं. मी फोटोत आहे, हसतोय.

१७ डिसेंबर
पाहुणे गेले. निरोपाला सगळ्यांना बनारसी पान. नेपाळच्या साहेबांचं तोंड चुन्यानं भाजलं, तरी मागून मागून खात होते. मॅडम जाताना म्हणाल्या, पाळीबद्दल अहवालात दोन ओळी घालते. बघू या.

१९ डिसेंबर, शनि.
सकाळी घाटावर गेलो नाही. सर्दी झालीय, असं सुधाला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

२१ डिसेंबर
मॅडमची मेल. अनुदान पुढच्या वर्षीही मिळणार. सगळ्यांनी व्यवस्थेचं कौतुक केलंय, तुम्हीच हवे. पाळीबद्दल एक अक्षर नाही. वाईट वाटलं आणि आनंदही झाला, खोटं कशाला लिहू!
उत्तर लिहायला बसलो, तेवढ्यात सुधा गंगेवरून आली. मुन्शी घाटाची मोटरबोट आमच्या घाटाला लागली होती म्हणे, यात्रेकरू भरून घेऊन गेली. या खेपेला कोणाला हाकही मारली नाही.
"आणि बचाऊ?"
"बसला होता नावेत. तुमची चौकशी केली. म्हणाला, भइया क तबियत ठीक हौ न?"
मेल तशीच ठेवलीय. चपला घातल्या आहेत. त्याला काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.