काळ्या गोळीचा ठिपका

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञ ठेवतात. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबचा स्टोअरकीपर आहे, पण ते फक्त पगारपत्रकावर. बावीस वर्षं रसायनांच्या वासात काढली की माणूस आतून केमिस्टच होतो.

विषय: सासरेबुवा. गुडघ्यांसाठी म्हणून आमच्याकडे राहायला आले. दोन महिन्यांपूर्वी जिना बसून उतरायचे. मग चौकातल्या जडीबुटी विकणाऱ्या मुळीवाल्यांच्या काळ्या गोळ्या सुरू केल्या. आज सकाळी फिरायला गेलो तर मला मागे टाकलं. वय अठ्ठ्याहत्तर. वर पुढच्या वळणावरून ओरडून विचारलं, जावईबापू, थांबू का?

हे निसर्गनियमात बसत नाही. गोळीत काहीतरी काळंबेरं आहे. नाव मुळीचं आणि आत डॉक्टरी औषध. सासऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. मला वैयक्तिक राग बिलकूल नाही. क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे करून, मुळीवाल्यांचं पितळ उघडं पाडणार. मुदत: एक आठवडा.

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५.३०
सराव. फिल्टर पेपरची पट्टी, खाली काळ्या स्केचपेनचा ठिपका, टोक पाण्यात. पाणी वर चढायला लागलं आणि आईशप्पथ, काळ्यातून निळा निघाला, मग जांभळा, सगळ्यात वर पिवळा! जो रंग कागदाला चिकटून बसतो तो मागे राहतो, जो पाण्याच्या नादी लागतो तो पुढे पळतो. एवढंच शास्त्र. स्वयंपाकघरात नाचलो. मग हिरवा केला, तपकिरी केला, हिची लिपस्टिक केली. ती जागची हलली नाही. लिपस्टिक म्हणतोय.

ही आत आली. अकरा पेले पाहिले. टेबलक्लॉथ पाहिला. टेबलक्लॉथवर तर फारच सुंदर विलगीकरण झालं होतं. तो धुऊन निघेल का, एवढंच विचारलं तिने. विज्ञानाची आवड सगळ्यांना नसते.

५ मार्च, गुरुवार. दुपारी १२.४०
सासरे आंघोळीला गेल्यावर बाटलीतून एक गोळी लांबवली. कुटली, स्पिरिटमध्ये विरघळवली, कागदावर ठिपका. खाली तपकिरी डाग, वर कोरा कागद. गुन्हेगार हुशार आहे.

लॅबमध्ये नव्या मॅडमना सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. त्या म्हणाल्या, काका, बहुतेक औषधं बिनरंगीच असतात, कागदावर दिसणार कशी? सिलिकाचा पातळ थर दिलेली प्लेट घ्या, निळ्या दिव्याखाली धरा, ठिपके काळे दिसतील. शेजारी ओळखीचं औषधही लावा. दोघं सारखेच चढले तर संशय घ्यायचा.

मला माहीतच होतं. त्या प्लेटांची खोकी फळीवर कोण लावतं?

७ मार्च, शनिवार. सकाळी ११
पहिली प्लेट: ठिपका द्रवाच्या पातळीखाली गेला. विरघळून बरणीत. दुसरी: झाकण लावायचं राहिलं, द्रव अर्ध्यातच सुकला. तिसरी: उलटी. ठिपका थराऐवजी काचेवर; कोऱ्या काचेवर द्रव काय चढणार! चौथी हातातून पडली, तिला प्रयोग म्हणता येणार नाही.
खोक्यावर नीट सूचना छापत नाहीत. कंपनीला पत्र लिहावं.

९ मार्च, सोमवार. दुपारी २
सापडलं!! प्लेटवर तीन पदार्थ. जांभळा, निळा, खाली पिवळट. नुसत्या डोळ्यांनी दिसतात! दिवासुद्धा लागला नाही. तिघांचे आरएफही काढले, म्हणजे पदार्थ किती चढला भागिले द्रव किती चढला. भागाकार दोनदा तपासला, दोनदा वेगळा आला, सरासरी घेतली.

जेवताना जाहीर केलं. सासरे म्हणाले, वा, आणि आमटी मागितली. ही मात्र चपापली. गोळी कुठून घेतलीस, असं दोनदा विचारलं. बापाच्या काळजीने असणार. इमारतीच्या फळ्यावर लिहून टाकलं: काळ्या गोळ्यांपासून सावधान, तीन घातक रंग आढळले. रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर सविस्तर खुलासा.

११ मार्च, बुधवार. दुपारी १
मॅडमनी प्लेट पाहिली. विचारलं, काका, जिथे गोळीचा ठिपकाच नाही तिथेही हे पट्टे कसे? प्लेटभर? मी म्हणालो, गोळी जबरदस्त आहे. त्यांनी विचारलं, खालची रेघ कशाने मारलीत? म्हटलं, बॉलपेनने. त्यावर त्या पाच मिनिटं तोंडावर रुमाल धरून बसल्या.

रेघ पेन्सिलीने मारायची असते. शाई द्रवाबरोबर धावते. म्हणजे मी माझ्याच पेनचं पृथक्करण केलं. तेही अचूक! पेन आता नीट ओळखीचं झालंय, हाही लाभच. फळ्यावरची सूचना पुसली नाही. तत्त्व बदललेलं नाही.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ३.१५
मॅडमनी प्रयोग केला. म्हणजे मी केला, हात त्यांचे होते. पेन्सिलीची रेघ. तीन ठिपके: गोळी, पॅरासिटामॉल, आणि मधे दोन्ही एकावर एक. निळ्या दिव्याखाली प्लेट हिरवी चमकली आणि काळे ठिपके उमटले. गोळीचा ठिपका पॅरासिटामॉलच्या अगदी मांडीला मांडी लावून! मधल्या रांगेतही तिथे एकच ठिपका, फुटला नाही. खाली आणखी एक फिका ठिपका. तो कशाचा ते मॅडमना सांगता येईना. मी त्याला 'अज्ञात विष' नाव दिलं. मॅडम नको म्हणाल्या. दिलं.

मी बरोबर होतो! मी बरोबर होतो!! लॅबपासून घरापर्यंत शिटी वाजवत आलो. मला शिटी येत नाही.

१५ मार्च, रविवार. सकाळी ११.५०
गच्चीवर चौदा जण, मॅडमसुद्धा. दोघं कपडे वाळत घालायला आलेले, पण थांबले. मुळीवाल्यांना मी स्वतः बोलावलं होतं, तोंडावर सांगावं म्हणून. पंचवीस मिनिटं बोललो. आवाज छान लागला होता. शेवटी बाटली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी झाकण उघडलं. वास घेतला. एक गोळी तळहातावर फिरवली. म्हणाले, साहेब, बाटली माझी आहे, गोळी माझी नाही. माझ्या गोळ्या मशीनच्या, एकसारख्या. ही हाताने वळलीय. बघा, बोटांचे ठसे आहेत.

मग मागून ही म्हणाली, त्या मी वळते.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बाबा घेतच नव्हते. शपथ घातली, रडून पाहिलं, काही उपयोग नाही. मुळीवाल्यांवर मात्र गाढ विश्वास. तेव्हा डॉक्टरांना विचारून तिने त्याच गोळ्या कुटल्या, मध आणि कोकोमध्ये मळल्या आणि मुळीवाल्यांच्या बाटलीत भरल्या. दोन महिने दर रविवारी, मी वर्तमानपत्र वाचत असताना, माझ्यासमोर बसून. मी एकदा विचारलंही होतं म्हणे, लाडू का?

मॅडमनी कोको ऐकताच कपाळावर हात मारला. फिका ठिपका कोकोचा असणार म्हणाल्या.

सासरे उठले. कोणाकडे न बघता खाली गेले. खोलीचं दार लावून घेतलं.

१७ मार्च, मंगळवार. सकाळी ८
सासरे दोन दिवस गोळीला शिवलेले नाहीत. फिरायला नाही. उठताना भिंत धरतात. ही माझ्याशी बोलत नाही; चहा ठेवते, पण कप असा ठेवते की ऐकू येतं. काल स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. खांदे हलत होते. मी कप विसळला.

मुळीवाल्यांनी मॅडमना स्वतःची गोळी तपासायला दिली. प्लेट कोरी. आज त्यांच्या दुकानात पाटी: 'शास्त्रीय तपासणीत काहीही आढळले नाही.' खाली माझं नाव. गर्दी आहे.

१९ मार्च, गुरुवार. दुपारी ४
सासऱ्यांच्या खोलीत गेलो. माफी मागायची ठरवली होती, पण सुरुवात सिलिकापासून झाली. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. मुळीची गोळी तुरट असते. ही जिभेवर ठेवली, वरून गोड आणि आतून कडू. लहानपणी तिला ताप आला की मी गोळी अशीच मधात कालवून द्यायचो.

मग बोलला का नाहीत, विचारलं. म्हणाले, पोर इतक्या निगुतीने वळत होती. मी ओळखलंय असं दाखवलं असतं तर तिने वळणं थांबवलं असतं. आता तुम्ही चारचौघांत उघडं पाडलंत, मला कळलंय हे तिलाही कळलं. आता काय मजा राहिली, सांगा.

मी उठून हिला बोलावून आणलं आणि दाराबाहेर उभा राहिलो. मग सासऱ्यांनी विचारलं, कोको संपला का गं? ही हसली की रडली, दाराबाहेरून कळलं नाही.

आज गोळ्या वळायला मीही बसलो. माझ्या चपट्या होतात. तिने त्या वेगळ्या काढून ठेवल्या. सगळे पांगल्यावर त्यातली एक जिभेवर ठेवून पाहिली.
कडू. ओळखायला दोन सेकंद लागले.