डब्यावरचे लाल सहासष्ट

सांगली,
रविवार, ता. १० डिसेंबर १९९५,
सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

प्रिय आक्का,

जय भीम. दुकानाचं शटर अर्धं वर करून बसलो आहे. समोर टेबलावर कॉम्प्युटरचा एक रिकामा डबा आहे. आत बोर्ड नाही, हार्ड डिस्क नाही, नुसता पॉवर सप्लाय. बटण दाबलं आणि डब्याच्या तोंडावर लाल आकडे लागले, ६६. मग चिमट्याने आकड्यांच्या मागच्या दोन काळ्या टोप्या हलवल्या. मसुराच्या डाळीएवढ्या असतात त्या. आकडे झाले ८८. रिकाम्या डब्याचा वेग अठ्ठ्याऐंशी. हे मला आज नव्याने कळलेलं नाही. तरी पत्र लिहिण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं असं वाटलं.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं, सोबतचा कागदही. पाच दिवस उत्तर लिहितो आहे आणि फाडतो आहे. तू जे मागितलं आहेस त्याचं शेवटी सांगतो. आधी बाकीचं. माझी तब्येत बरी आहे. लीलाबाईंच्या खानावळीत दोन्ही वेळा जेवतो. परवा त्या म्हणाल्या, "इंजनेर, भाकरी मोजून खाताय का काय?" इंजिनियर हा शब्द त्यांच्यापर्यंत आप्पांनीच पोचवला आहे. तुझं मशीन न्यायला आले होते तेव्हा अर्ध्या तासात त्यांनी सगळ्या खानावळीला सांगून टाकलं होतं.

आक्का, तुला कोयनानगरची आपली खोली आठवते का? रात्री धक्का बसला, मांडणीवरची भांडी वाजायला लागली, की आई आपल्या दोघांना ओढून बाहेर काढायची आणि आप्पा आधी घड्याळ बघायचे. वेळ लिहून ठेवायला. आई ओरडायची, "आवं, पोरं बघा आधी, टाईम काय बघताय!" तीस वर्षं त्यांनी वीजघरात हेच केलं. दर तासाला मीटरसमोर उभं राहायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. केरू हेल्परच्या आकड्यात कधी खाडाखोड नसते असं साहेब आप्पांबद्दल म्हणायचे, ते त्यांनी आपल्याला किती वेळा सांगितलं असेल. आपल्या घरात आकडा म्हणजे खोटं न बोलणारी एकच गोष्ट होती. आणि टिक करायची शिस्त तुझी. रेशनची यादी असो की माझं दप्तर, बोट वस्तूवर ठेवल्याशिवाय कागदावर टिक करायची नाही. दहावीत दोनदा बसलो, दोनदा राहिलो, पण ही शिस्त सोडली नाही. तिच्यावरच या दुकानात नोकरी टिकली.

तू कडेगावहून सासर सोडून दोन पिशव्या घेऊन पाटणला परत आलीस, त्या वर्षी घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तू टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्यास. मग पतसंस्थेची नोटीस आली. दोन वर्षांची खातेवही कॉम्प्युटरवर चढवायची, काम घरी बसून, अट एकच. मशीन स्वतःचं आणि त्यांनी दिलेल्या यादीबरहुकूम. आप्पा त्या रात्री म्हणाले, "फंडाचं पैसं हाईत की. पोरगी कुणाच्या दारात जायची न्हाई." तू यादी टाईप केलीस. नऊ ओळी, पुढे चौकोन. प्रोसेसर ४८६, वेग ६६, मेमरी ८, हार्ड डिस्क ५४०, आणि खाली फ्लॉपीपासून प्रिंटरपर्यंत. एकही चूक नव्हती. मी तो कागद दुकानात सगळ्यांना दाखवला होता.

चौदा ऑक्टोबरचा दिवस आप्पांनीच धरला. धम्मचक्राचा दिवस, नव्या कामाला चांगला. तुम्ही पहिल्या एस.टी.ने आलात. मालक वीरधवलने तुम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मला मात्र सगळ्यांसमोर म्हणाला, "घरचंच गिऱ्हाईक हाय रं, नीट बघून दे." मी मशीन सुरू केलं. पडद्यावर मेमरीचा आकडा धावत वर गेला आणि ८१९२ वर, म्हणजे यादीतल्या आठवर, थांबला. मी बोट ठेवलं, टिक केली. हार्ड डिस्क, टिक. पहिला पडदा झरकन निघून जातो, त्यावर बाकी काय होतं ते माझ्या डोळ्यांत राहिलं नाही. वेगाच्या ओळीला मी डब्यावरच्या लाल सहासष्टवर बोट ठेवलं. तू माझ्याकडे बघत होतीस. टिक केली. नऊच्या नऊ टिका झाल्यावर खाली सही केली. आप्पांनी पैसे मोजून दिले आणि शंभराची एक नोट माझ्या खिशात कोंबली. "इंजनेरची फी. नको म्हनू नगंस." मालक मोठ्याने हसला. मीही हसलो.

मग सहा नोव्हेंबर. पतसंस्थेकडून मशीन तपासायला कराडहून आलेल्या संयोगिता मॅडमनी पर्समधून फ्लॉपी काढली, मशीनमध्ये घातली, आणि पडद्यावर वेग तेहतीस आला. आप्पा पुढे झाले, "मॅडम, हितं बघा की. सहासष्ट हाय. मी रोज बघतोय." त्यांनी आपली वही आणून दाखवली. मशीन घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बटण दाबून लिहिलेला आकडा. तारीख, वेळ, ६६. तारीख, वेळ, ६६. मॅडमनी वही नीट पाहिली, मिटून त्यांच्या हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "काका, हा आकडा डब्याचा आहे. आतल्या मशीनचा नाही." तपासणीसाठी मीही घरी आलो होतो, दाराशी उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस, पण त्या बघण्यात संशय नव्हता. तेच मला जास्त लागलं. माझ्यावर ओरडली असतीस तर मी तिथंच बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. तेही खरं नसेल.

मी मालकाकडे गेलो होतो. तो म्हणाला, बदलून द्यायची मुदत पंधरा दिवसांची, ती एकोणतीस ऑक्टोबरला संपली. "आन् तपासून कुनी घेतलंय? तुझीच सही हाय गड्या." मग खिशातून माझ्याच सहीच्या यादीचा झेरॉक्स काढला. नऊ टिका.

आता तुझ्या पत्राचं. पतसंस्थेनं तीस डिसेंबरपर्यंत दुसरं मशीन आणायची सवलत दिली आहे आणि तू पाटल्या मोडून कराडचं एक जुनं मशीन घ्यायचं ठरवलंस. लिहिलंस, "दुकानदाराने फसवलं, तू नाहीस. तुझी टिक झाल्याशिवाय मी एक पैसा देणार नाही. गुरुवारी कराड स्टँडवर ये." नवी यादी टाईप करून पाठवलीस. पुन्हा नऊ ओळी, नऊ चौकोन. आणि खाली सहज लिहिलंस, की आप्पा अजून रोज सकाळी बटण दाबतात आणि वहीत लिहितात. विचारलं तर म्हणतात, "बिघडलेल्या मीटरचं बी रीडिंग घ्यावं लागतंय."

आक्का, मी गुरुवारी येणार नाही. डब्यावरचे ते सहासष्ट मीच बसवले होते. बारा ऑक्टोबरला. मालकाने तक्ता दिला होता, त्याप्रमाणे टोप्या लावणं हे दुकानात माझंच काम. त्यामुळे मशीनचा वेग ठरतो असं मला खरंच वाटत होतं. चौदाला टिक केली ती तशा समजुतीत, म्हणून तेवढी मी चूक मानतो. पण एकोणीस ऑक्टोबरला मालकाने त्याच जातीच्या डब्यावर शंभर लावायला सांगितले. मी विचारलं, मग बोर्डही बदलायचा का? तो म्हणाला, "आरं येड्या, ती नुसती दिव्याची सेटिंग. दारावर पाटी लावली म्हंजी आत डॉक्टर बसतोय व्हय?" तेव्हा मला कळलं. मुदत संपायला दहा दिवस होते. एकवीसला मी सांगायलाच घरी आलो. दारावर तुझ्या नावाची पाटी लागली होती, रंग ओला होता. आप्पांनी मला आत नेलं, बटण दाबलं, वहीतल्या सात ओळी दाखवल्या आणि चार शेजाऱ्यांसमोर विचारलं, "इंजनेर, बरुबर हाय न्हवं?" मी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, बरोबर आहे. कळत असताना म्हणालो. मला घरात पुन्हा दहावी नापास व्हायचं नव्हतं, एवढंच कारण. नंतरचे आठ दिवस मी रोज टेलिफोन बूथपर्यंत जाऊन परत आलो. तू पाटल्या मोडू नकोस असं म्हणायचा मला हक्क नाही. मोडल्यासच तर मशीन संयोगिता मॅडमना दाखव. तुझी यादी सोबत परत पाठवतो आहे. चौकोन कोरे आहेत. आप्पांना सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्याने होणार नाही.

तुझाच,
राजरत्न

मशीन व प्रिंटर, आप्पांच्या फंडातून : ४७,८०० रु.
टेम्पो, सांगली ते पाटण : ६५० रु.
दारावरची पाटी : १८० रु.
मालकाकडून परत : काही नाही.
माझ्याकडून येणे : वरील सर्व, ४८,६३० रु. महिना तीनशेप्रमाणे साडेतेरा वर्षं लागतील. आप्पांना आज एकसष्टावं चालू आहे.
इंजिनियरची फी १०० रु. : मोडली नव्हती. तीच नोट सोबत ठेवली आहे.