पदकाच्या अर्जातली ओळ

गडचिरोली, १२ एप्रिल २०२५

ती. इंदूआत्यास, दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

तुह्या गावचा टावर काऊन नेहमी झोपला राह्यते? म्हणून एसटीच्या कंडक्टरभाऊजवळ चिठ्ठी देऊन राह्यली. आत्या, आपल्या मलेरियाच्या कामाले लंडनचं पदक भेटलं! उष्ण प्रदेशातल्या रोगांवर काम करणाऱ्या डॉक्टरांचा हा लय मोठा मान. दोन वर्षांत बारा गावांत मलेरियानं एकही लेकरू दगावलं नाई, ह्या एका ओळीवर भेटला. ती ओळ तुम्हा आशाताईंच्या वह्यांतली. अर्धं पदक तुहं, पण आणाले मीच जाईन. तुले विमानात मळमळन. २० मेचं तिकीट आहे.

रागावत राह्य, पण लोभ ठेव.
तुही दिव्यानी

कोसमटोला, १७ एप्रिल

चि. दिव्यानीस पोटभर आशीर्वाद.

गावभर सांगत सुटली मी. मंगली अंगणात मोहफुलं वाळू घालून राह्यली होती. सारं ऐकून येवढंच म्हणाली, बाई, मंग माही पोरगी कशानं गेली?

पोरी, मागच्या सालच्या माघात तिची दीड महिन्याची लेक तापली होती. मीच टाच टोचून तपासलं, मलेरियाच होता. दवाखान्याच्या वाटेवरच गेली. बाप मंगरू मिरची तोडाले तेलंगणात. तो आल्याशिवाय इथी नाव ठेवत नाई, अन् बिननावाच्या लेकराची गोष्ट कोणी काढत नाई. माही वही नावानं चालते, म्हणून मी लिहिलंच नाई. अक्कल चराले गेली होती माही.

पदकात माती कालवली म्हणशीन, तं म्हण. मले गप नाई बसवत.

माया आटू देऊ नको.
इंदूआत्या

गडचिरोली, २४ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न.

दोन दिवस तुह्यावर भडकली, मंग स्वतःवर. बिननावाचं लेकरू कसं लिहायचं, हे मी कधी शिकवलंच नाई. इथले सोबतचे डॉक्टर म्हणाले, आधी पदक घरी येऊ दे, मंग कळव. मी म्हटलं, जमणार नाई. ओळ खोटी आहे, असं आजच लंडनले कळवून टाकलं. पदक देतीन तं देतीन. तिकीट रद्द केलं. आता बाराही गावं पुन्हा मोजू, घरोघरी. पहिलं मंगलीचं घर. तिले विचारून ठेव, दिव्यानी आली तं चालन का.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
दिव्यानी

कोसमटोला, २९ एप्रिल

चि. दिव्यानीस आशीर्वाद.

मंगली ये म्हणते. तुह्यासाठी थांबली नाई मात्र. काल मंगरूले घेऊन माह्या दारात आली अन् म्हणाली, वही काढ. नाव तिनं कवाचंच मनात ठेवलं होतं. मी लिहून घेतलं: रीना, वय दीड महिना, मलेरिया.

लवकर ये.
इंदूआत्या