कढईवर घेतलेलं नाव

२ मे
आज पोचले. धावपट्टीच्या कडेलाच स्वयंपाकघर आहे. मोठी खिडकी, बाहेर गवताचा माळ आणि दोन पिटुकली विमानं. उड्डाणशाळेत माणसं अकरा आणि चूल माझी एकटीची. माझी अक्बोता इथंच विमान शिकते. तिच्यासाठीच ही नोकरी धरली. हे गेल्यापासून तीन वर्षं आम्ही दोघीच. लांबून धावत आली आणि आधी विचारलं, तळलेले बौर्साक आणलेस का? दारातच नऊ खाल्ले.

९ मे
तिचे शिक्षक ओराझ चहा पिताना म्हणाले, आपा, तुमची पोरगी विमान उतरवत नाही, बोकडासारखं उसळवत आपटते. ती म्हणाली, मग बोकडावर बसता कशाला? मिशीतल्या मिशीत हसले. शाळेचं जाड पुस्तक मी रिकाम्या वेळी वाचते. जमिनीजवळ आलं की नाक जरा उचलायचं, मागची चाकं आधी टेकवायची. वाचायला सोपं आहे.

१२ मे, शुक्रवार
 गेलेल्यांसाठी शुक्रवारच्या सात शेल्पेक पोळ्या तळत होते. तेलाचा वास वर पोचतो, तेवढंच त्यांचं जेवण. ह्यांचं नाव घेतलं आणि खिडकीतून दिसलं, तिचं विमान आपटलं, उसळलं, पुन्हा नाकावर आपटलं. मी कढईवरच ओरडले, अक्बोता!
पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला. दोघं चालत बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. ओराझ तीन ताटं जेवले. ती भूक नाही म्हणाली. धूर विरेपर्यंत कढईपाशी उभी राहिली.
जित्या माणसाचं नाव त्या धुरात घेऊ नये. सासूबाईंनी किती वेळा बजावलं होतं.

१५ मे
तीन दिवस अन्न नाही, पाणीही नाही. एका जागी बसवत नाही तिला. स्वयंपाकघर, धावपट्टी, पुन्हा स्वयंपाकघर. मांस शिजवलं तर म्हणते, वासच येत नाही. शुक्रवार कधी, एवढंच विचारते.

१७ मे
दुसऱ्या विमानात बसायचं म्हणून तिचं वजन केलं. काटा हललाच नाही. ओराझ म्हणाले, काटा मेला. स्वतः चढले. ब्याण्णव. 
ती हसली. म्हणाली, बरंच झालं, आता आपटणार नाही.

१८ मे
तिचं ताट मांडलं. ओराझनी विचारलं, आपा, हे कुणाचं?
ती समोरच उभी होती.

१९ मे, शुक्रवार
कणीक मळणार नव्हते. ती सकाळपासून चुलीपाशी. खिडकीतला उजेड तिच्यातून आरपार —
म्हणते, आई, भूक लागली. नाव घे.
घेतलं तर ती गेलेल्यांतली. नाही घेतलं तर मलाही दिसेनाशी —
एकदाच, म्हणते.
तीन वर्षं ह्यांना जेवू घालते, आणि पोटची पोर —
तेल तापलं. ती वाकून उभी आहे. माझी जीभ वळत नाही. लिहिलेलं पोचत असेल तर — कागद कढईवर धरलाय, धूर लागतोय —
अक्बो