काखेतली बेवारस गाठ

६ फेब्रुवारी
गाठ काखेत, कॅन्सर स्तनाचा, आणि स्तनात काहीच नाही! मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, आज एमआरआय आणि सगळ्या अंगाचा स्कॅनही कोरा आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पेशी तिथल्याच आहेत, पण मूळ दिसत नाही. होतं असं, क्वचित."
माझी नोकरी स्टेशनवर, हरवलेल्या सामानाच्या खिडकीत. वस्तू सापडते, मालक सापडत नाही — हे माझं रोजचंच. छत्र्या, डबे, एकदा तर कवळी! म्हणून मला हसू आलं. ह्यांनी मात्र घरी येईपर्यंत रिपोर्ट तीनदा वाचले.

७ फेब्रुवारी
ताईला फोन केला. "नीट शोधलं का त्यांनी?" लहानपणी माझी रिबन, माझं पेन, काहीही हरवलं की हमखास हिच्याकडे निघायचं. आणि वर हीच विचारायची, नीट शोधलंस का!
सख्ख्या बहिणीनेही तपासून घ्यावं, असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. तसं सांगितलं तर म्हणे, "मला काय धाड भरलीय!"

२० फेब्रुवारी
स्तन काढायचा की ठेवायचा? ह्यांचं मत — काढून टाकू, डोक्याला ताप नको. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी केमो, मग काखेतल्या गाठी काढू, मग पूर्ण स्तनाला रेडिएशन. ठेवला तरी चालेल."
ठेवणार! सामानाचा मालक सापडला नाही म्हणून कोणी स्टेशन पाडत नाही. आणि खरं सांगायचं तर, मला तो हवाय.

१८ एप्रिल
केस गेले, चवही गेली. ह्यांनी भात करपवला, मला कळलंसुद्धा नाही. दोघंही खूश.

३० ऑगस्ट
ऑपरेशननंतर पुन्हा कामावर. हात अजून पुरता वर जात नाही, वरच्या फळीवरच्या छत्र्या साहेब काढून देतात. मूळ बेपत्ताच.

११ ऑक्टोबर
रेडिएशन संपलं! कातडी लालभडक, पण मी मजेत. निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "बहिणीचं झालं का?"
झालं नव्हतं. संध्याकाळी ताईवर ओरडले — जन्मात पहिल्यांदा. शेवटी म्हणाली, "बरं बाई, जाते. तुझी कटकट तरी मिटेल."

२ नोव्हेंबर
ताईचा फोन. तिच्या मॅमोग्राफीत ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ दिसली, सुईने तपासली — कॅन्सरच. फार लवकर कळलं, बरी होणार, असं डॉक्टर म्हणतात.
"अगं," ती म्हणाली, "तुझं हरवलेलं सापडलं. माझ्याकडेच निघालं."