उजव्या कोपऱ्यातली चंद्रकोर

रविवार, २ मार्च. सकाळी ९.१०

दुरुस्ती. कालच्या नोंदीत मी लिहिलं आहे की चष्मेवाल्यांच्या पत्त्यांवरची खूण डाव्या कोपऱ्यात होती. चूक. ती वरच्या उजव्या कोपऱ्यात होती. घाईत लिहिलं. जजने घाई करू नये. कालचं पान मात्र फाडणार नाही, खाडाखोडही नाही. उद्या कोणी म्हणेल पुरावा बदलला. (ही डायरी कोणी वाचणार नाही. तरीही.)

आता नीट लिहिते. पत्त्यांच्या दुकानात पाच शनिवारांची स्पर्धा आहे. पक्ष्यांचे पत्ते. प्रत्येकाचा साठ पत्त्यांचा डेक, प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं कव्हर, आणि पाठीमागून सगळे पत्ते अगदी सारखे दिसले पाहिजेत. एखाद्यावर खूण असली की उचलण्याआधीच कळतं कुठला पत्ता येतोय. ती फसवणूक. जो जिंकेल तो तीस तारखेला मोठ्या शहरातल्या मोठ्या स्पर्धेला जाणार. खेळाडू आठ. जज एक. मी.

चष्मेवाले, म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, पन्नाशी उलटलेले, आतापर्यंतचे तिन्ही शनिवार जिंकले. संशयाची कारणं: पहिल्या शनिवारी डेक तपासला तेव्हा म्हणाले, थँक्यू, बरं झालं नीट बघितलंत. निर्दोष माणूस आभार कशाला मानेल? दुसरं, पत्ता उचलण्याआधी दर वेळी चष्मा पुसतात. तिसरं, काल त्यांच्या चार वादळपक्ष्यांवर, म्हणजे खेळातल्या सगळ्यात जबर पत्त्यांवर, बारीक चंद्रकोरीसारखी खूण. बाकीचे छप्पन्न स्वच्छ.

ताकीद दिली: पुढच्या शनिवारी सगळी कव्हरं नवी. ते म्हणाले, हो हो, चालेल की. फार पटकन म्हणाले.

त्यांना काका म्हणणं बंद केलं आहे. जजला नाती नसतात.

दुसऱ्या नंबरवर नर्स आहे. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, एवढं नख आमच्या वॉर्डात चालत नाही हं. जजवर वैयक्तिक टीका. नोंद केली.

सोमवार, ३ मार्च. दुपार

अर्धी रजा टाकून दुकानात लेखी अहवाल द्यायला गेले. शटर खाली. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, अहो जजबाई, सोमवारी बंद असतं, सहा वर्षं एवढी मोठी पाटी लावलीय, तुमच्या नाकासमोर असेल बघा. होती.

सोमवारी बंद. आता जन्मात विसरणार नाही.

आत्याने विचारलं, एवढ्या लवकर कशी आलीस? मी म्हटलं, तपास चालू आहे. ती म्हणाली, बरं, इन्स्पेक्टर, तपास झाला की लसूण सोल.

बुधवार, ५ मार्च. संध्याकाळी ६.३०

डोळे तपासायच्या निमित्ताने चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरले. गुप्तपणे. आत गेल्या गेल्या ते म्हणाले, या या, जजबाई. गुप्तता तिथेच संपली.

हात नीट पाहून घेतले. दहाही नखं मुळापर्यंत कापलेली. चंद्रकोरीसारखी खूण नखाचीच असते, आणि या माणसाला नखंच नाहीत. म्हणजे पुरावा नष्ट केला.

लेन्स बदलत स्वतःहून बोलत होते. मुलगी मोठ्या शहरात नोकरीला, दोन वर्षांत भेट नाही. ती घरी ठेवून गेलेले हे पत्ते. आधी फोनवर तिने शिकवलं, म्हणाली, बाबा, तुम्ही फोनवर नुसतं जेवलीस का, झोपलीस का विचारता, त्यापेक्षा खेळा. आता तीस तारखेला तीही तिथल्या स्पर्धेत आहे. हे जिंकले तर बापलेक समोरासमोर बसणार. नुसतं भेटायला जा म्हटलं तर ती म्हणते, तसे नका येऊ, जिंकून या. हे सांगताना हसत होते.

हेतू सापडला.

तपासणीचा निष्कर्ष त्यांनी असा काढला की मला लांबचं उत्तम दिसतं, जवळचं दिसत नाही. वाचायला चष्मा लागेल. साक्षीदाराची नजरच खोटी पाडायची, जुनी युक्ती आहे. चष्मा घेतला नाही.

शनिवार, ८ मार्च. स्पर्धेच्या टेबलावरूनच

२.०० चष्मेवाल्यांचा डेक. कव्हरं कोरी. बाकीचे छप्पन्न पत्ते नुसते मोजले. चार वादळपक्षी बाहेर काढून, कोपरा धरून, उजेडात तिरपे करून बघितले. स्वच्छ.

२.४० पुन्हा तेच चार. कोपरा घट्ट धरून. स्वच्छ वाटले.

३.१५ पुन्हा. खात्रीसाठी प्रत्येकी आठदा उलटसुलट. नर्स म्हणाली, अगं, त्यांना खेळू तरी दे. दोघांची हातमिळवणी? नोंद केली.

४.०५ चंद्रकोर! चारही पत्त्यांवर! उजवा कोपरा! कव्हरं दोन तासांपूर्वी कोरी होती आणि माझी नजर एक क्षण हलली नव्हती. हा माणूस साधा नाही.

आज काही बोलले नाही. अंतिम सामन्यापर्यंत जाळं टाकून बसायचं.

(इतर सात डेक एकेकदाच बघितले. त्यांच्यावर संशय नाही, मग वेळ कशाला घालवा?)

मंगळवार, ११ मार्च

आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, एवढ्या वयाचा माणूस पत्त्यांसाठी कशाला चोरी करेल? हे कोण बोलतंय! अंक मी शाळेत जायच्या आधी घरी पत्त्यांवर शिकले, आणि पत्त्यांबरोबर बाकीचंही शिकले. माझे सख्खे काका पत्ते मांडीखाली सरकवायचे. बाबा शोकेसच्या काचेत समोरच्याचे बघायचे. आई बदाम आले की खोकायची. आत्या तर उठून पाणी प्यायला जायची आणि सगळ्यांच्या मागून हिंडून यायची. मी सहा वर्षांची. चोरी जमत नव्हती म्हणून मला पंच केलं. चिकटलेले पत्ते सुटे करून मोजायला उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं, ते आजवर आहे. संशय ही माझी पहिली इयत्ता.

आत्या म्हणाली, तेव्हाही तू पाहुण्यांनाच पकडायचीस, आम्हाला कधी नाही.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी ७.००

झालं. अंतिम सामन्याआधी चष्मेवाल्यांना बाद केलं.

सामना नर्सशी होता. चष्मेवाल्यांनी कव्हरं पुन्हा नवी घातली होती. दीड वाजल्यापासून डेक चार वेळा तपासला. चौथ्या वेळी खुणा सापडल्या. उभी राहिले, नियमाचा क्रमांक वाचला, खुणेचे पत्ते, स्पर्धेतून बाद. आवाज कापला नाही. थोडा कापला.

ते रागावतील म्हणून उत्तरं पाठ केली होती. रागावले नाहीत. चष्मा काढून पुसला, पण या वेळी पत्ता उचलायचा नव्हता. मग म्हणाले, बाळा, मी काय केलं तेवढं फक्त सांग, म्हणजे मुलीला सांगता येईल. मी म्हटलं, नियम अकरा. ते म्हणाले, बरं. साठ पत्ते मोजून डब्यात ठेवले, दुकानदाराला येतो म्हणाले आणि गेले.

नर्स म्हणाली, न खेळता जिंकायला मला काय हौस आली होती? आणि तीसला माझी ड्युटी आहे. दुकानदार म्हणाला, नाव तर कुणाचं तरी पाठवलंच पाहिजे.

मला बाळा म्हणाले. जजवर दबाव. नोंद केली.

रविवार, १६ मार्च

समाधानाचा दिवस. लसूण सोलला. पुन्हा सोलला. आत्या म्हणाली, पुरे, काय लसणाचं लोणचं घालायचंय?

गुरुवार, २० मार्च. संध्याकाळी ५.४५

आत्या लायब्ररीचं पुस्तक हातात घेऊन आली. म्हणाली, पानांचे कोपरे का टोचतेस गं, लायब्ररीवाल्या बाई मला बोलल्या. बघितलं. प्रत्येक पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक चंद्रकोर.

पहिला विचार: चष्मेवाले लायब्ररीतही जातात.

मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. विजेची बिलं. माझं जन्माचं सर्टिफिकेट. सगळीकडे तीच. आत्यावर संशय आला. तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, हो, मी रात्रंदिवस तुझ्या कागदांना चावत बसते.

शेवटी ही डायरी. पहिल्या पानापासून आजच्या पानापर्यंत. दोन मार्चचं पान सुद्धा, जिथे मी खुणेची जागा दुरुस्त केली आहे, त्या दुरुस्तीच्या शेजारी.

प्रयोग केला. कोरं कव्हर, कोपरा धरून उलटसुलट. आत्याने मोजलं. सहाव्यांदा काही नाही. अकराव्यांदा उमटली.

आत्याने ते कव्हर उजेडात धरून बघितलं आणि माझ्यासमोर ठेवलं. 

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी ८.००

निर्णय. सरळ सांगायचं. चूक जजची, चष्मेवाले निर्दोष, नाव त्यांचं पाठवा. उद्या दुकानात, सगळ्यांसमोर, उभी राहून. मी घाबरत नाही. खरं बोलायला कसली भीती?

दुपार. ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याला सहज विचारलं, माझ्या फायलींवर कधी खूण दिसते का? तो म्हणाला, म्हणजे काय, त्यावरूनच तर कळतं तू तपासलीस ते, आम्हाला वाटलं तुझी पद्धत आहे.

नख कापायला घेतलं होतं. थांबले. पुरावा नष्ट केल्यासारखं होईल.

शनिवार, २२ मार्च. दुपारी ३.३०

गेले. दारात नर्स. म्हणाली, बरं झालं भेटलीस, काही तरी वाट काढ ना, माझी ड्युटी कोणी घेत नाही, काकाच जाऊ देत. दुकानदार म्हणाला, मलाही तेच बरं वाटतं, पण जजने लिहून दिलं पाहिजे. दोन ओळी पुरेत. उद्या संध्याकाळी सहापर्यंत नाव बदलता येतं, नंतर यादी बंद.

पेन त्यानेच पुढे केलं.

दुकानात चार अनोळखी गिऱ्हाइकं होती. इतकी गंभीर गोष्ट अनोळखी लोकांसमोर लिहून देणं जजच्या पदाला शोभलं नसतं. कव्हरांचं एक पाकीट घेतलं, पेन परत केलं आणि आले.

वाटेत चष्म्याचं दुकान. काचेतून ते दिसले, लेन्स पुसत होते. लांबचं मला उत्तम दिसतं.

रविवार, २३ मार्च. दुपारी ४.००

दोन ओळी लिहायच्या होत्या. अहवाल अकरा पानांचा झाला. अपुरा नको. नकाशा, तारखा, प्रयोगाचा तक्ता, आत्याची सही. आत्या म्हणाली, सहा वाजायला दोन तास आहेत, हा भारा ठेव आणि नुसती जा, हवं तर मी येते बरोबर. मी म्हटलं, घाईनेच तर हे सगळं झालं.

५.२० पान सातवर एक तारीख चुकली. पुन्हा लिहिते आहे.

५.५५ आत्या चपला घालून दारात उभी होती. आता चपला काढल्या.

६.१० स्वच्छ प्रत तयार. फार हलकं वाटतंय. घाईगर्दीत, चार लोकांसमोर कबूल करण्यापेक्षा शांतपणे, दुकानात कोणी नसताना करणंच योग्य. वेळ पक्की केली आहे, आता माघार नाही: उद्या, सोमवार, २४ मार्च, सकाळी अकरा वाजता.